नाशिकहून राबाईला

मोम्बासा बेटावरून न्याली पूल ओलांडून उत्तरेकडे निघालं, की थोड्या वेळात एक चौक लागतो. तिथं मटाटूचा, म्हणजे तिकडच्या वडापचा क्लीनर ‘केंगेलेनी!’ असा पुकारा करतो. स्वाहिलीत केंगेले म्हणजे घंटा. केंगेलेनी म्हणजे घंटेपाशी. चौकात दगडी कमानीत खरोखरच एक घंटा आहे. गुलामांच्या व्यापाऱ्यांची गलबतं दिसली की ती बडवत, असं तिथले लोक सांगतात. या वस्तीचं नाव फ्रेअरटाऊन. हा फ्रेअर आपल्याला परका नाही. मुंबईच्या कोटाच्या भिंती ज्याच्या अमदानीत पाडल्या, तो 1862 ते 1867 या काळातला गव्हर्नर सर बार्टल फ्रेअर. आणि 1875 मध्ये ही वस्ती उभी राहिली तेव्हा तिचा कणा ठरलेली बरीचशी माणसं आली होती ती आपल्या नाशिकहून.

नाशिकच्या शरणपूर रोडवरून रोज हजारो लोक जातात. त्या नावातलं शरण म्हणजे आश्रय. चर्च मिशनरी सोसायटीनं तिथं एक ख्रिस्ती गाव वसवलं होतं. पुढं अरबी समुद्रात इंग्रजांच्या युद्धनौकांनी पकडलेल्या गलबतांतून सुटलेली आफ्रिकन मुलंही तिथं येऊ लागली. घर कुठं, आईबाप कोण, हे सांगता न येणारी मुलं. विल्यम सॉल्टर प्राइस या पाद्र्यानं त्यांची शाळा चालवली. मुलं सुतारकाम, लोहारकाम शिकली, इंग्रजी शिकली, भोवतालची भाषा कानावर पडत होतीच. बाप्तिस्म्याबरोबर नावंही इंग्रजी मिळाली. चेंगविम्बे नावाचा याओ जमातीतला मुलगा मॅथ्यू वेलिंग्टन झाला. एकदा गुलामीत नाव गेलं, दुसऱ्यांदा सुटकेत गेलं. आफ्रिकेत परतल्यावर या सगळ्यांना तिसरं नाव मिळालं: ‘बॉम्बे आफ्रिकन’.

ते जिथं परतले, त्या किनाऱ्यावर मिशनचं काम तोवर रखडतच चाललं होतं. योहान लुडविग क्राफ हा जर्मन मिशनरी 1844 मध्ये मोम्बासाला उतरला आणि काही महिन्यांतच त्यानं बायको आणि तान्ही मुलगी, दोघींना तिथल्या मातीत पुरलं. 1846 मध्ये सोबती योहान रेबमान आला आणि दोघांनी मोम्बासापासून 20-25 किलोमीटरवरच्या टेकाडावर, राबाईला ठाणं केलं. रेबमाननं 1848 मध्ये किलिमांजारोचं बर्फ पाहिलं. विषुववृत्ताजवळ बर्फ असूच कसं शकतं, म्हणून लंडनच्या खोलीत बसलेल्या भूगोलज्ञांनी त्याला वेड्यात काढलं. डोंगराबद्दल तो खरा ठरला. माणसं वळवण्यात मात्र त्याच्या हाती फारसं लागलं नाही. एकोणतीस वर्षं एकदाही मायदेशी न जाता तो तिथं राहिला आणि शेवटी दृष्टी जवळजवळ गमावून परतला. पदरात बाप्तिस्मे होते ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

असं का व्हावं? राबाईच्या लोकांचा देव आधीच उघड्यावर होता. हे लोक मिजिकेंडा जमातींपैकी. त्यांच्या ‘काया’ म्हणजे दाट रानात मधोमध मोकळी केलेली जागा. पूर्वजांची, देवाची आणि न्यायनिवाड्याचीही जागा तीच. आपल्याकडची देवराई डोळ्यांपुढं आणा, म्हणजे जवळ पोहोचाल. (2008 मध्ये युनेस्कोनं यांतली काही रानं जागतिक वारशात घेतली.) वडीलधारे सावलीत बसणार, प्रत्येकाला बोलू देणार, घाई कुणालाच नाही. या बैठकीला स्वाहिलीत ‘बाराझा’ म्हणतात. क्राफनंही राबाईत राहण्याची परवानगी अशा वडीलधाऱ्यांकडूनच मिळवली होती. पण तो बोलायला लागला की उपदेश करी, आणि माडीचे घोट घेत बसलेल्यांवर चिडे. आफ्रिकेतल्या खेड्यांत मिशन जिथं रुजलं, तिथं बहुधा झाडाखाली बसून आधी ऐकून घेणारा स्थानिक माणूस सापडतो, असं मला वाटतं. देऊळ नंतर आलं.

रेबमानच्या मदतीला 1860 च्या दशकात विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर, जॉर्ज डेव्हिड हे भारतात शिकलेले आफ्रिकन आले. इकडं आफ्रिका धुंडाळणारा प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन 1865 मध्ये स्वतः नाशिकला जाऊन आला आणि पुढच्या मोहिमेसाठी त्यानं शाळेतली नऊ मुलं निवडली. दुसरी तुकडी 1872 मध्ये त्याच्यापर्यंत पोहोचली. तिच्यात वेलिंग्टन होता आणि जेकब वेनराइट होता.

या साऱ्या इतिहासातली उघड्यावरची सर्वांत विलक्षण प्रार्थना या जेकबनं चालवली. 1873 च्या मे महिन्यात, आजच्या झांबियात, चितांबोच्या गावी लिव्हिंगस्टन वारला. सोबत्यांनी त्याचं काळीज काढून एका झाडाखाली पुरलं. ना चर्च, ना पाद्री. नाशिकच्या शाळेत शिकलेल्या या मुलानं प्रार्थनापुस्तकातून दफनविधी वाचला आणि झाडाच्या खोडावर मृताचं नाव नि तारीख कोरली. मग मीठ लावून उन्हात वाळवलेला तो देह सालीत आणि शिडाच्या कापडात गुंडाळून त्या मंडळींनी खांद्यावर घेतला आणि 1,500 किलोमीटरहून जास्त पायपीट करत 1874 च्या फेब्रुवारीत बागामोयोच्या किनाऱ्यावर आणला. वाटेत भेटलेल्या इंग्रज अधिकाऱ्यानं देह इथंच पुरा, असा सल्ला दिला होता. त्यांनी तो मानला नाही. वेस्टमिन्स्टर ॲबीत 18 एप्रिल 1874 रोजी शवपेटीचे मानकरी होते त्यांत जेकब एकटाच आफ्रिकन.

विल्यम जोन्सची कहाणी इतकी प्रसिद्ध नाही; मला मात्र तीच जास्त भावते. 1885 मध्ये बिशप हॅनिंग्टननं त्याला दीक्षा दिली आणि लगेच युगांडाच्या वाटेवर सोबत नेलं. अर्ध्या वाटेवर बहुतेक काफिला जोन्सच्या हवाली करून बिशप पुढं गेला आणि बुसोगात मारला गेला. जोन्सनं वाट पाहिली, खातरजमा केली आणि माणसं सुखरूप परत आणली. 1886 च्या फेब्रुवारीत काफिला राबाईच्या टेकाडाखाली आला, तेव्हा पुढच्या निळ्या निशाणावर एकच शब्द होता: ईखाबोद. बायबल वाचणाऱ्यांना त्याचा अर्थ सांगावा लागत नाही, वैभव गेलं.

पुढं राबाईत जोन्सनं पळून आलेल्या गुलामांना थारा दिला. मालक तक्रार करू लागले, गोऱ्या मिशनऱ्यांची पंचाईत झाली, कारण कायद्यानं गुलाम परत द्यायला हवे होते. स्वतः लहानपणी विकला गेलेला माणूस तो कायदा कसा पाळणार? अखेर ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीच्या मॅकेन्झीनं मालकांना भरपाई दिली आणि 1889 च्या सुरुवातीला 1,400 च्या आसपास माणसांना सुटकेचे कागद मिळाले. याच बॉम्बे आफ्रिकनांना गोरे मिशनरी उर्मट म्हणत. कारण ते पगार आणि मान बरोबरीचा मागत.

झाडाखालच्या बैठकीचं पुढचं रूप तिथून बरंच पश्चिमेला, तळ्यांच्या प्रदेशात दिसलं. 1929 मध्ये कंपालाच्या नामिरेम्बे टेकडीवर सिमोनी न्सिबांबी आणि इंग्रज डॉक्टर जो चर्च दोन दिवस प्रार्थनेत बसले. त्यातून रवांडातल्या गाहिनीला आणि मग सगळ्या पूर्व आफ्रिकेत एक चळवळ पसरली. लुगांडा भाषेत या लोकांना ‘बालोकोले’, म्हणजे तारण पावलेले म्हणत. कोंडाळं करून बसायचं आणि आपलं पाप चारचौघांत बोलून टाकायचं. कुणी चोरलेलं परत करी, कुणी वैऱ्यापुढं हात जोडी. तिथं बाईचं बोलणं पुरुषाइतकंच वजनाचं होतं, आणि गोऱ्या डॉक्टरलाही आपला अहंकार कबूल करावा लागे. चर्चचे अधिकारी या मंडळींवर वैतागत. भाविकांनी पाद्र्यालाच जाब विचारणं कुठल्या धर्मात खपतं? पुढं केनियात ब्रिटिशांविरुद्धच्या माऊ माऊ उठावात बंडखोरांची शपथ घेत नाहीत म्हणून यांतले कितीतरी मारले गेले. सरकारच्या बाजूनं बंदूक धरायलाही अनेकांनी नकार दिला होता.

चितांबोचं झाड 1899 मध्ये तोडलं गेलं आणि जेकबनं अक्षरं कोरलेला खोडाचा तुकडा लंडनला नेण्यात आला. जेकब 1892 मध्ये आजच्या टांझानियातल्या उरांबोला वारला. मॅथ्यू वेलिंग्टन सगळ्यांत जास्त जगला. त्या पायपिटीनंतर सहा दशकांनी, 1935 मध्ये, मोम्बासातच त्यानं डोळे मिटले.