खरकट्याची वीज

नाशिकची वीज म्हटलं की एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या डोळ्यांसमोर येतात. पण शहराने स्वतःच्याच कचऱ्यातून वीज काढायचं मनावर घेतलं, ते विल्होळीजवळच्या खत प्रकल्पाच्या परिसरात. जर्मनीच्या जीआयझेड या संस्थेच्या सहकार्याने महापालिकेचा हा प्रकल्प 2017 मध्ये उभा राहिला. कच्चा माल दोन तऱ्हेचा : हॉटेलांतलं खरकटं आणि सार्वजनिक शौचालयांच्या टाक्यांतला मैला. दोन्ही मिळून रोज 30 टन, त्यातून सुमारे 3,300 युनिट, असं गणित मांडलेलं होतं.

या कामातला सगळा जीव इंजिनात नाही, खरकटं उतरवतात त्या जागी आहे. शिळा भात, पोळ्यांचे तुकडे, मिसळीचा तेलकट रस्सा, सगळं चालतं. तेलातुपाने तर गॅस जास्तच सुटतो. पण त्यातच चमचे, बाटल्यांची बुचं, दुधाच्या पिशव्या आल्या की वेचत बसावं लागतं, आणि ते घाणीत हात घालून करावं लागतं. चमचा नजरेतून सुटला तर दळणाऱ्या यंत्राची पाती जायबंदी होतात. प्लास्टिक टाकीत गेलं तर वर साय धरतं आणि गॅसची वाट अडवतं.

भरडलेला रगडा मैल्यात मिसळून बंद टाकीत जातो. तिथे हवा नाही, काम जिवाणूंचं. त्यांना माणसाच्या अंगाइतकी ऊब लागते, म्हणून नाशिकच्या डिसेंबरात त्यांना जपावं लागतं. एकदम जास्त खायला घातलं तर टाकी आंबते आणि गॅस मंदावतो. वर येणाऱ्या गॅसमधून कुजक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड आधी काढावा लागतो, नाहीतर इंजिन गंजतं. उरलेल्या मिथेनवर जनित्र फिरतं.

एकलहऱ्याचा 210 मेगावॉटचा एक संच पूर्ण क्षमतेने चालला तर 3,300 युनिट एका मिनिटाच्या आत तयार करतो. तरीही मला विल्होळीचं काम मोठं वाटतं. एकलहऱ्याला विदर्भातून वॅगनांनी कोळसा आणावा लागतो. इथलं इंधन शहर रोज आपणहून टाकून देतं, आणि ते नुसतं कुजत पडलं तर तोच मिथेन हवेत जातो.

हॉटेलवाल्यांनो, खरकट्याची बादली वेगळी ठेवा आणि तिच्यात दुसरं काही पडू देऊ नका. एवढं तुमच्या मोरीपाशीच झालं, तर तिकडच्या माणसाला घाणीत हात घालावा लागणार नाही.