पदवी कोणती आणि पेढी कशी

बारावीचा निकाल लागला की बेळगावातील पालक एक प्रश्न हमखास विचारतात : पुढे स्वतःचा धंदा काढायचा, तर मुलाला अभियांत्रिकीला घालावे की वाणिज्य शाखेला? या स्मृतिव्याख्यान-पुस्तिकेसाठी शाळेने लेख मागितला, तेव्हा मी हाच विषय घेतला. सारी हयात मराठी शिकविण्यात गेलेल्या माणसाने यावर का लिहावे, असे कोणाला वाटेल. त्याचे कारण एवढेच की, 'भागीदार' या शब्दाचा अर्थ आमच्या घराने फार मोठी किंमत देऊन शिकलेला आहे.

प्रथम एक जवळचे उदाहरण घेऊ. लक्ष्मणराव किर्लोस्करांना चित्रकार व्हावयाचे होते. रंग ओळखण्यात दृष्टिदोष आड आला, म्हणून मुंबईत ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि पुढे त्याच विषयाचे अध्यापक झाले. १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान निघाले. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली धाडाव्यात आणि बंधू रामूअण्णांनी त्या येथे विकाव्यात, अशी वाटणी होती. दोघांपैकी एकाला यंत्र कळत होते, दुसऱ्याला गिऱ्हाईक. अभियांत्रिकीची पदवी घराण्यात आली ती पुढच्या पिढीत, शंतनुराव अमेरिकेतून शिकून आले तेव्हा. दरम्यान १९१० मध्ये कारखाना औंध संस्थानात कुंडलच्या माळावर गेला होता आणि १९२० मध्ये भावाभावांच्या पेढीची मर्यादित कंपनी झाली होती. काय शिकावे आणि धंद्याला कायद्याने कोणते रूप द्यावे, हे दोन निर्णय येथे स्वतंत्रपणे आणि वेगवेगळ्या वेळी झालेले दिसतात. आपण मात्र ते एकाच प्रश्नात कोंबतो.

दोन्ही विद्यांतील भेद उद्यमबागेतील एखाद्या फौंड्रीत चांगला समजतो. शंभर ओतीव भागांपैकी आठ नापास झाले असे धरा. अभियंता विचारील : वाळूत ओल अधिक राहिली काय? साच्यातील वायूला बाहेर पडावयास वाट होती काय? रस ओतेपर्यंत थंडावला काय? वाणिज्य शिकलेला विचारील : या आठांचा खर्च उरलेल्या ब्याण्णवांवर चढविला काय? नापास माल पुन्हा भट्टीत टाकता येतो, म्हणून तो वाया गेला नाही असे अनेकांना वाटते. लोखंड परत मिळते हे खरे. वीज, मजुरी आणि गेलेला दिवस परत मिळत नाही. हे न धरता भाव ठरविणारा कुशल कारागीर ऑर्डरी वाढतील तसतसा अधिक बुडतो.

माझे मत विचाराल, तर जेथे वस्तू स्वतः घडवावयाची आहे तेथे अभियांत्रिकी, निदान दहावीनंतरची तीन वर्षांची पदविका, आधी असावी. (पदविकेनंतर पदवीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, हे कित्येक पालकांना ठाऊकच नसते.) ताळेबंद वाचणे तिशीतही शिकता येते, धातूचे शास्त्र त्या वयात नव्याने शिकणे कठीण. जेथे खरेदी-विक्री हाच धंदा आहे, तेथे वाणिज्य. पण गणिताची गोडी नसलेल्या मुलाला केवळ पाटीवर अक्षरे लागावीत म्हणून चार वर्षे अभियांत्रिकीत कोंडू नये.

आता पेढीच्या रूपाविषयी. १९६४ साली, मी आठवीत असताना, शिक्षक असलेल्या माझ्या वडिलांनी एका स्नेह्याच्या वर्कशॉपमध्ये दोन हजार रुपये घालून भागीदारी पत्करली. ते तेथे महिन्याकाठी एकदा जात. स्नेह्याने पेढीच्या नावावर उधारीने माल उचलला, धंदा बसला. धनको आमच्या दारी आले, कारण घर आमच्या नावावर होते, स्नेह्याच्या नव्हते. घर विकावे लागले. तो गृहस्थ लबाड नव्हता, हे मला आजही सांगावेसे वाटते. १९३२ चा भागीदारी कायदाच असा आहे की, व्यवसायाच्या ओघात एकाने केलेले कर्ज साऱ्यांचे होते आणि धनकोला ते कोणाही एका भागीदाराकडून पूर्ण वसूल करता येते. दोन हजार घातले म्हणून जोखीम दोन हजारांचीच, ही वडिलांची समजूत होती. त्यांचे भागीदारीपत्र माझ्यापाशी आहे. दीड पानाचे. नफा निम्मा-निम्मा, असे त्यात सुवाच्य अक्षरांत लिहिले आहे; तोट्याविषयी एक ओळ नाही.

याच कायद्यात आणखी दोन गोष्टी आहेत. पेढीची नोंदणी नसेल, तर थकलेल्या येण्यासाठी तिला गिऱ्हाइकावर दावा लावता येत नाही. पत्रात तसे कलम नसेल, तर एका भागीदाराच्या मृत्यूने पेढी विसर्जित होते. एकट्याची मालकी सर्वांत सोपी, पण तेथेही दुकानाचे कर्ज ते घराचे कर्ज.

२००८ च्या कायद्याने मर्यादित दायित्वाची भागीदारी आली. तिच्यात एकाच्या चुकीसाठी दुसऱ्याचे घर जात नाही. उलाढाल चाळीस लाखांच्या किंवा भांडवल पंचवीस लाखांच्या वर गेल्याशिवाय हिशेबतपासणीची सक्ती नसते. खासगी कंपनीस मात्र ती दरवर्षी, धंदा कितीही लहान असो. २०१३ च्या कायद्याने एकट्या माणसालाही कंपनी काढता येते. आपल्या पश्चात ती कोणाकडे जाईल, त्याचे नाव आधीच नोंदवावे लागते. दोन मित्र नव्याने कारखाना काढीत असतील, तर मी त्यांना मर्यादित दायित्वाची भागीदारीच सुचवीन.

परंतु येथे एक खाच आहे. लहान कंपनीला कर्ज देताना बँक बहुधा संचालकांची वैयक्तिक हमी मागते. ती सही झाली की त्या कर्जापुरती कायद्याने उभारलेली भिंत आपल्याच हाताने पाडली जाते आणि आपण १९६४ च्या जागी येऊन उभे राहतो. ते हमीपत्र बहुधा इंग्रजीत असते आणि अक्षर बारीक. सहीआधी त्याची प्रत मागून घ्यावी, घरी आणावी आणि घरच्यांसमक्ष दिवसाउजेडी वाचावी.