थ्रीडी मॅमोग्राफी म्हणजे नेमकं काय? जास्त पैसे देऊन ती करावी का?

ऑक्टोबर हा स्तनाच्या कॅन्सरबद्दल जागरूकतेचा महिना. तो सुरू झाला की तपासणी पॅकेजच्या जाहिराती इन्स्टाग्रामवर आणि फॅमिली व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरू लागतात. त्यातल्या काहींवर ‘थ्रीडी मॅमोग्राफी’ असं ठळक लिहिलेलं असतं आणि तिचा दर साध्या मॅमोग्राफीपेक्षा जास्त असतो.

हे जास्तीचे पैसे नेमके कशाचे? साधी मॅमोग्राफी केली तर काही राहून जाईल का? समजून घेऊया.

साध्या मॅमोग्राफीत अडचण काय?

मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा एक्स-रे. स्तन दोन प्लेटमध्ये काही सेकंद दाबून धरतात आणि प्रत्येक स्तनाचे साधारण दोन फोटो काढतात, एक वरून आणि एक तिरका. पण दाबल्यावरही स्तनाला काही सेंटीमीटर जाडी असते आणि फोटो मात्र सपाट असतो. त्यामुळे आतले सगळे थर एकावर एक पडून एकाच चित्रात येतात.

एक्स-रेमध्ये चरबी काळपट दिसते, तर दूधग्रंथी आणि तंतूंचा भाग पांढरा. कॅन्सरची गाठही पांढरीच दिसते. त्यामुळे दोन प्रकारची गफलत होऊ शकते. एक म्हणजे, खरी गाठ पांढऱ्या भागाआड लपते. दुसरी म्हणजे, दोन निरोगी भाग एकमेकांवर आल्यानं गाठ नसतानाही गाठीसारखं काहीतरी दिसतं. मग पुन्हा बोलावणं, सोनोग्राफी, कधी बायोप्सी आणि रिपोर्ट येईपर्यंत उडालेली झोप.

ज्यांच्या स्तनात चरबी कमी आणि ग्रंथी जास्त असतात, त्यांच्याबाबतीत हे जास्त घडतं. याला ‘डेन्स ब्रेस्ट’ म्हणजे दाट स्तन म्हणतात. हा आजार नाही. अमेरिकेत मॅमोग्राफी करणाऱ्या जवळपास निम्म्या महिलांचे स्तन या गटात मोडतात. हाताला लागणाऱ्या कडकपणावरून हे कळत नाही, ते मॅमोग्राफीतच दिसतं. रिपोर्टमध्ये ए, बी, सी, डी असे चार गट असतात. त्यातले सी आणि डी म्हणजे दाट.

थ्रीडीमध्ये वेगळं काय होतं?

या तंत्राचं वैद्यकीय नाव डिजिटल ब्रेस्ट टोमोसिंथेसिस. यातही स्तन तसाच दाबला जातो, त्यामुळे ‘थ्रीडीमध्ये दुखत नाही’ असं समजू नका. फरक एवढाच की एक्स-रेची नळी एका जागी न थांबता कमानीसारखी फिरते आणि वेगवेगळ्या कोनांतून कमी डोसचे अनेक फोटो काढते. मशीननुसार ही कमान साधारण १५ ते ५० अंशांची असते आणि फोटो साधारण ९ ते २५.

एसटीच्या खिडकीतून बाहेर बघताना जवळची झाडं झपाट्यानं मागे पळतात आणि लांबचा डोंगर हळूहळू सरकतो. तसंच इथेही नळी फिरली की वेगवेगळ्या खोलीवरचे भाग वेगवेगळ्या प्रमाणात सरकलेले दिसतात. त्यावरून कोणता भाग किती खोल आहे हे कॉम्प्युटर काढतो आणि साधारण एकेक मिलिमीटर अंतरावरची चित्रं तयार करतो. पाच सेंटीमीटर जाडी असेल तर सुमारे ५० चित्रं. रेडिओलॉजिस्ट ती वहीच्या पानांसारखी एकेक करून बघतात. आधी आड लपलेली गाठ एखाद्या पानावर मोकळी दिसू शकते आणि ‘खोटी’ गाठ विरून जाते.

मात्र ‘थ्रीडी’ हे नाव थोडं फसवं आहे. सीटी स्कॅनसारखे सगळ्या बाजूंनी फोटो इथे निघत नाहीत. शिवाय ज्यांच्या स्तनात चरबी फारच कमी आहे, म्हणजे डी गट, तिथे प्रत्येक पानच पांढरं दिसतं. त्यामुळे फायदाही मर्यादित राहतो.

रेडिएशन जास्त असतं का?

थ्रीडीसोबत साधी मॅमोग्राफीही वेगळी काढली तर डोस साधारण दुप्पट होतो. तरीही तो कमीच मानला जातो. नव्या मशीनमध्ये थ्रीडीच्या चित्रांवरूनच कॉम्प्युटर टूडी चित्र तयार करतो, म्हणजे वेगळा एक्स-रे काढावा लागत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं, म्हणजे एफडीएनं, पहिल्या थ्रीडी मशीनला २०११ मध्ये आणि अशा टूडी चित्राला २०१३ मध्ये मंजुरी दिली.

संशोधन काय सांगतं?

२०१४ मध्ये अमेरिकेतल्या १३ केंद्रांमधल्या साडेचार लाखांहून अधिक तपासण्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. साध्या मॅमोग्राफीसोबत थ्रीडी केल्यावर दर हजार तपासण्यांमागे सापडणारे कॅन्सर ४.२ वरून ५.४ वर गेले आणि पुन्हा बोलवाव्या लागणाऱ्या महिला १०७ वरून ९१ वर आल्या.

स्वीडनमधल्या माल्मो शहरात सुमारे १५ हजार महिलांची दोन्ही प्रकारे तपासणी झाली. तिथे थ्रीडीत हजारामागे ८.७ कॅन्सर सापडले, साध्या मॅमोग्राफीत ६.५. पण तिथे पुन्हा बोलावण्याचं प्रमाण कमी न होता वाढलं. नॉर्वेतल्या बर्गनच्या चाचणीत तर सापडलेल्या कॅन्सरच्या संख्येत ठळक फरक दिसलाच नाही.

आता कळीचा प्रश्न: थ्रीडीमुळे जास्त जीव वाचतात का? हे अजून सिद्ध झालेलं नाही. जास्त कॅन्सर सापडले म्हणजे मृत्यू कमी झालेच असं नसतं, कारण सापडलेल्यांपैकी काही कधीच धोकादायक ठरले नसते. थ्रीडीमुळे पुढच्या टप्प्यातले कॅन्सर कमी होतात का, हे शोधण्यासाठी ‘टीमिस्ट’ ही एक लाखाहून अधिक महिलांची चाचणी हाती घेतली आहे. दरम्यान, अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीनं २०२४ मध्ये ४० ते ७४ वयोगटासाठी दर दोन वर्षांनी मॅमोग्राफी सुचवताना साधी आणि थ्रीडी, दोन्ही चालतील असं म्हटलं.

आपल्याकडे काय परिस्थिती?

ग्लोबोकॅनच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार महिलांना स्तनाचा कॅन्सर होतो आणि सुमारे ९८ हजार महिलांचा मृत्यू होतो. अनेकजणी डॉक्टरांकडे पोहोचतात तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असतो.

इथे मुंबईतला एक अभ्यास महत्त्वाचा आहे. टाटा मेमोरियलनं १९९८ पासून सुमारे दीड लाख महिलांवर २० वर्षं हा अभ्यास केला. त्यात मशीन नव्हतं. प्रशिक्षित आरोग्य सेविका दर दोन वर्षांनी हातानं स्तन तपासायच्या. ५० आणि त्याहून अधिक वयाच्या महिलांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. त्याहून लहान वयाच्या महिलांमध्ये मात्र असा फरक दिसला नाही.

मग करायचं काय?

• आधी साधी मॅमोग्राफी झाली असेल आणि रिपोर्टमध्ये सी किंवा डी लिहिलं असेल, तर थ्रीडी किंवा सोनोग्राफीची गरज आहे का, हे डॉक्टरांना विचारा.

• थ्रीडी परवडत नाही किंवा जवळपास नाही म्हणून तपासणी पुढे ढकलू नका. वेळेवर केलेली साधी मॅमोग्राफी उपयोगाचीच आहे.

• रिपोर्टवर ‘बायरॅड्स ०’ दिसलं तर घाबरू नका. त्याचा अर्थ कॅन्सर नव्हे, तर आणखी तपासणी हवी एवढाच आहे.

• त्या दिवशी काखेत पावडर किंवा डिओ लावू नका. त्यातले कण एक्स-रेमध्ये कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसू शकतात. जुने रिपोर्ट आणि फिल्म सोबत न्या.

• गाठ लागत असेल, स्तनाग्रातून रक्त येत असेल किंवा त्वचा आत ओढली गेली असेल, तर मॅमोग्राफी नॉर्मल आली तरी डॉक्टरांना दाखवा. कोणतीही मॅमोग्राफी, साधी असो वा थ्रीडी, प्रत्येक कॅन्सर पकडू शकत नाही.