कोनच्या फ्लॅटचा हिशोब आणि पक्षांचे जाहीरनामे

कल्याणहून दुर्गाडीचा पूल ओलांडला की भिवंडी तालुक्यातलं कोन लागतं. पक्षांची अर्थनीती मध्यमवर्गीय मतदाराच्या खिशापर्यंत कशी पोचते, हे समजायला इथल्या एका घरखरेदीचा हिशोब पुरे आहे. उदाहरणादाखल वर्षाला बारा लाख पगार असलेलं कुटुंब घेऊ.

सुरुवात जीएसटीपासून. बांधकाम चालू असलेल्या घरावर 1 एप्रिल 2019 पासून दोन दर आहेत. मुंबई महानगर क्षेत्रात 60 चौरस मीटरपर्यंत कार्पेट आणि 45 लाखांपर्यंत किंमत असेल तर 1 टक्का, नाहीतर 5 टक्के. म्हणजे 45 लाखांच्या फ्लॅटवर कर 45 हजार, तर 46 लाखांच्या फ्लॅटवर 2 लाख 30 हजार. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या तयार घराला जीएसटी नाही. हे दर जीएसटी परिषद ठरवते. तिथे केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश पाठिंबा लागतो. त्यामुळे ‘आम्ही जीएसटी कमी करू’ असं आश्वासन कोणताही पक्ष एकट्याच्या बळावर पाळू शकत नाही.

मुद्रांक शुल्क मात्र राज्याच्या हातात आहे. कोविडकाळात, सप्टेंबर 2020 मध्ये, महाविकास आघाडी सरकारने शहरी भागातलं शुल्क 5 वरून 2 टक्क्यांवर आणलं, जानेवारी ते मार्च 2021 मध्ये 3 टक्के ठेवलं आणि मग सवलत संपवली. एप्रिल 2022 पासून ठाणे, मुंबई, पुणे, नागपूर या शहरांत 1 टक्का मेट्रो अधिभार सुरू झाला. एकाच सरकारच्या काळात सवलतही आली आणि वाढही.

प्राप्तिकर केंद्राचा. जुन्या पद्धतीत याच कुटुंबाने प्रमाणित वजावट 50 हजार, बचतीची दीड लाख आणि गृहकर्जाच्या व्याजाची दोन लाख अशी वजावट घेतली, तरी आठ लाखांवर 75,400 रुपये कर बसतो. 2025 च्या अर्थसंकल्पानंतर नव्या पद्धतीत तो शून्य होतो. मात्र स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजाची वजावट त्या पद्धतीत नाही. कर्ज काढून घर घेणारा आणि भाड्याने राहणारा यांच्यात नव्या पद्धतीत करापुरता फरक उरत नाही. घराला आणि बचतीला मुद्दाम उत्तेजन द्यायचं की पैसा हातात ठेवून निवड माणसावर सोडायची, हा खरा धोरणभेद इथे आहे. प्रचारसभेत मात्र फक्त ‘बारा लाख’ ऐकू येतात.

हप्त्याचं गणित सहसा रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराशी बांधलेलं असतं. 30 लाखांच्या वीस वर्षांच्या कर्जावर व्याज साडेआठवरून साडेसातवर आलं, तर हप्ता सुमारे 1,870 रुपयांनी उतरतो. रेपो दर रिझर्व्ह बँकेची समिती ठरवते. पण त्या समितीला महागाईचं 4 टक्क्यांचं लक्ष्य केंद्र सरकार देतं.

शेवटी सरकारी खर्च. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर 2018 मध्ये झालं; आखणीत कोनगाव स्थानकही आहे. मेट्रोच्या नावावर घराचा भाव आधी चढतो, प्रवासाची सोय मागाहून येते. मधल्या वर्षांचा हप्ता आणि रिक्षाभाडं दोन्ही खरेदीदाराच्या माथी.

म्हणून जाहीरनामा वाचताना प्रत्येक आश्वासनापुढे तीन गोष्टी लिहाव्यात: निर्णय कोणाच्या हातात, सवलत कधीपर्यंत, आणि तिच्या बदल्यात कोणती वजावट किंवा सोय जाणार.