धुळीवाचून खोली

मुलांनो, खिडकीतून येणाऱ्या उन्हात धुळीचे कण नाचताना तुम्ही पाहिले असतील. वर्ग नुकताच झाडलेला असला तर ते अधिकच दिसतात! झाडूने उडालेली धूळ हवेत तरंगते आणि पुन्हा बाकांवर येऊन बसते.

अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेत हीच अडचण होती. तेथे यंत्रांचे अतिशय लहान भाग जोडत. धुळीचा एखादा कणही ते बिघडवी. खोली कितीही पुसली तरी धूळ होतीच, कारण आत माणसे होती. आपल्या त्वचेवरून व कपड्यांवरून कण सतत गळत असतात.

१९६२ साली तेथील शास्त्रज्ञ विलिस व्हिटफिल्ड यांची नवी खोली जगापुढे आली. गाळलेली हवा सारखी आत सोडायची आणि पायाखालच्या जाळीतून बाहेर काढायची. हवा संथपणे एकाच दिशेने वाहते, म्हणून अंगावरून सुटलेला कण घिरट्या न घालता तिच्याबरोबर निघून जातो. अशा खोलीची गाळणी ०.३ मायक्रॉनच्या १०,००० कणांपैकी ९,९९७ अडवते. (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) धूळ मोजणारे यंत्र जवळजवळ शून्य दाखवू लागले, तेव्हा यंत्रच बिघडले असे तेथील लोकांना वाटले!

आज संगणकाच्या चिप आणि इंजेक्शनची औषधे अशाच खोल्यांत तयार होतात. आत जाणाऱ्याला डोक्यापासून पायापर्यंत झाकून घ्यावे लागते. हा पोशाख औषधाला माणसापासून वाचवतो.