रवीचा उलटा डाव

घुसळखांब, डेरा, रवी आणि तिला वेढे घातलेली दोरी. एवढंच यंत्र. एक टोक ओढलं की रवी एकीकडे गरगरते, दुसरं ओढलं की उलटी. त्यामुळे दही डेऱ्यात नुसतं गोल फिरत राहत नाही. दर हिसक्याला खळबळतं आणि त्यात हवा कोंडली जाते. लोण्याला ही हवा लागतेच.

दूध म्हणजे पाण्यात विखुरलेले स्निग्धाचे थेंब. शाळेच्या पुस्तकात याला पायस म्हणतात, कारखान्यात इमल्शन. थेंब काही मायक्रॉनचे, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी लहान. प्रत्येकाभोवती फॉस्फोलिपिड आणि प्रथिनांचं पातळ आवरण असतं. फॉस्फोलिपिडच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे, दुसरं स्निग्धाकडे. म्हणून थेंब वर तरंगत आले, तरी एकमेकांत सहजी मिसळत नाहीत.

रवी हे आवरण फोडते. थेंब हवेच्या बुडबुड्यांवर गोळा होतात, आदळतात. एकातले स्निग्धाचे टोकदार स्फटिक शेजारच्यात घुसतात आणि पातळ स्निग्ध त्यांना चिकटवून ठेवतं. कण जमत जातात आणि अखेर सगळा डाव उलटतो: पाण्यात स्निग्ध होतं, तिथे स्निग्धात पाणी. लोण्याचा गोळा सुका दिसला, तरी त्यात पाणी असतंच. विकायच्या लोण्यात ते साधारण सोळा टक्क्यांपर्यंत असतं. कढवताना होणारी चरचर त्याचीच.

खरी मेख तापमानात आहे. स्निग्ध अर्धं घट्ट, अर्धं पातळ हवं. उन्हाळ्यात ते पार पातळ होतं, लोणी लिबलिबीत येतं आणि बरंचसं ताकात जातं. थंडीत इतकं घट्ट होतं की कण चिकटतच नाहीत. उन्हाळ्यात गार पाणी आणि थंडीत कोमट, हा घरोघरचा रिवाज रसायनशास्त्राच्या कसोटीला पुरेपूर उतरतो.

फ्रान्सच्या ऑग्युस्त गोलँ यांनी 1899 मध्ये नेमक्या उलट कामाच्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्यांच्या होमोजिनायझरमध्ये दूध प्रचंड दाबाने अरुंद फटीतून जातं आणि थेंब मायक्रॉनहूनही बारीक होतात. थेंबाचा व्यास दहापट कमी झाला, की वर येण्याचा वेग शंभरपट घटतो. शिवाय नव्या पृष्ठभागावर केसिन हे दुधातलं प्रथिन चढून बसतं. अशा दुधावर मलई नीट धरत नाही आणि रवीचंही फारसं चालत नाही.

तेव्हा घरी लोणी काढायचं असेल, तर पिशवीवरची बारीक अक्षरं आधी वाचा. ‘होमोजिनाइज्ड’ लिहिलेलं दूध चहाला ठेवा, विरजणाला दुसरं आणा.