बाहुपेशींतील रचनाभेद आणि चिकित्सकाची सावधगिरी

सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात पेशींची संख्या 500 सांगितली असून त्यांपैकी 400 शाखांमध्ये, म्हणजे प्रत्येक शाखेत 100, मानल्या आहेत. मात्र प्रत्यक्ष शवच्छेदनात सर्वांचे बाहू एकसारखे आढळत नाहीत. हा भेद चिकित्सेतही महत्त्वाचा ठरतो, म्हणून येथे त्याचा थोडक्यात विचार करीत आहोत.

बायसेप्स पेशीला नावाप्रमाणे दोन शिरे असतात. तथापि सुमारे 10 टक्के बाहूंमध्ये तिसरे शिर आढळते. ते बहुधा बाहूच्या अस्थीच्या मध्यभागाजवळ उगम पावते. कोराकोब्रॅकियालिस पेशीचा भेद करून जाणारी मस्क्युलोक्युटेनियस नाडी काही व्यक्तींमध्ये तिचा भेद न करताच खाली उतरते. बहुसंख्यांना अशा भेदांचा आयुष्यभर त्रास होत नाही.

क्वचित, सुमारे एक टक्का व्यक्तींमध्ये, कोपराच्या आतील उंचवट्याच्या साधारण 5 सेंटीमीटर वर अस्थीचा लहानसा काटा असतो. त्यापासून त्या उंचवट्यापर्यंत जाणाऱ्या बंधास स्ट्रूथर्सचा बंध म्हणतात. त्याखालून मीडियन नाडी जाते. बाहूची मुख्य धमनीही बहुधा तिच्यासोबत असते. तेथे दाब पडल्यास अंगठा, तर्जनी व मध्यमा यांत मुंग्या येतात आणि पकड दुर्बल होते. कूर्परावर तीन अंगुळे असलेल्या आणि मर्माचे स्थान याच्या जवळपास येते. हे स्नायुमर्म वैकल्यकर असून त्याच्या आघाताने बाहू स्तब्ध होतो, असे सुश्रुत सांगतात. दोन्ही एकच आहेत असे आम्ही म्हणत नाही. परंतु या भागाबद्दलची सावधगिरी दोन्हींकडून सारखीच शिकावयास मिळते.

ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यालगतच्या आमच्या तळवलीसारख्या वस्तीत ओझी उचलणारे रुग्ण येणे स्वाभाविकच. हाताला मुंग्या म्हणजे विश्वाची किंवा मानेचा दोष, असे गृहीत धरून केवळ तैलाभ्यंगावर महिने घालवू नयेत. दोन्ही बाहूंची तुलना करावी, बल व स्पर्शज्ञान तपासावे, कोपरावरील अस्थी चाचपावी. शंका असल्यास क्ष-किरण व नाडीवहन परीक्षा करवावी. या स्थानी जोरकस मर्दन टाळावे. विश्वाचीत कूर्पराजवळ सिरावेध करण्यापूर्वी धमनीचे स्पंदन बोटाने अवश्य पाहावे, कारण काहींमध्ये धमनी त्वचेलगत असते.

औषधालयचालक बंधूंनाही विनंती की, तेल मागणाऱ्याच्या हातातून वस्तू निसटत असतील किंवा अंगठ्याचे मांस झडत असेल, तर बाटली देण्याआधी त्यास वैद्याकडे पाठवावे. दाबलेली नाडी फार काळ दाबलेली राहिली, तर गेलेले बल पूर्णपणे परत येतेच असे नाही.